बायकांचं तळं

शेतात असाल, चुलीपुढे असाल, नाहीतर गटाच्या बैठकीला जमला असाल, जिथं असाल तिथं दहा-पंधरा मिनिटं कान इकडे द्या. आज एका तळ्याची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट खरी आहे, इतिहासातली आहे.

हे तळं आहे इंग्लंडमध्ये, लंडन शहराच्या उत्तरेला. इतक्या मोठ्या शहरात असूनही ते पोहण्याच्या बांधीव हौदासारखं नाही. तळाला फरशी नाही, पाण्यात औषध नाही. काठाला मोठमोठी झाडं, कडेनं लव्हाळी, पाण्यात मासे आणि बदकं. पाणी गढूळ हिरवट, आपल्या पाझर तलावात असतं तसं. आणि आत फक्त बायका. पुरुषानं फाटकाच्या आत यायचं नाही. पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या जीवरक्षकसुद्धा बायकाच. पोरी, कमावत्या बायका, सत्तरी ओलांडलेल्या आज्या, सगळ्या तिथं पोहतात. काही जणी तर हिवाळ्यात, पाणी बर्फासारखं झालेलं असताना उतरतात.

तुम्ही म्हणाल, लंडनच्या बायका पोहतात, त्याचं आम्हाला काय? आमच्याकडे मार्च लागला की हंड्यांची रांग लागते. बरोबर आहे. पण या तळ्याच्या इतिहासात तीन प्रश्न आहेत. पाणी कुणाचं? पाण्यात उतरायची मुभा कुणाला? आणि पाण्यात पडलं तर जीव वाचवून बाहेर यायचं शिक्षण कुणाला? हे तिन्ही प्रश्न तुमच्या-माझ्या गावातही आहेत.

सुरुवात जमिनीपासून करू. लंडनच्या उत्तरेला एक मोठा उंचसखल माळ आहे. त्याला हॅम्पस्टेड हीथ म्हणतात. आज तो सुमारे ८०० एकरांचा आहे. झाडी, गवत, टेकड्या आणि मधूनमधून तळी. या माळावर फ्लीट नावाची छोटी नदी उगम पावते. पुढे शहरात ती आता दिसत नाही, कारण शहर वाढलं तशी तिची आधी गटारगंगा झाली आणि मग तिच्यावर रस्ते आणि घरं आली. जमिनीखालून ती अजूनही वाहते आणि टेम्स या मोठ्या नदीला मिळते.

ही तळीही निसर्गानं दिलेली नाहीत, माणसांनी बांधलेली आहेत. १६९२ मध्ये हॅम्पस्टेडचं पाणी लंडनला पुरवण्यासाठी एक कंपनी निघाली. या ओढ्यांना बांध घालून एकाखाली एक अशी तळी केली आणि ते पाणी शहरात विकलं जाऊ लागलं. म्हणजे आज जिथं बायका पोहतात, ते एके काळी पिण्याच्या पाण्याचे साठे होते. पुढे शहराला दुसरीकडून पाणी मिळू लागलं आणि ही तळी मागे उरली. हळूहळू त्यांच्या काठानं झाडी दाटली, पाखरं आली. माणूस काळजी घेईल तर बांधलेलं पाणीही असं निसर्गात मिसळून जातं.

या माळाचं बायकांशी नातं फार जुनं आहे. लंडनच्या श्रीमंतांचे कपडे धुवायला हॅम्पस्टेडला यायचे. तिथल्या धुणं धुणाऱ्या बायका ते धुऊन माळावर वाळत घालायच्या. म्हणजे पाण्यात हात घालायला बाईला कुणी अडवलं नव्हतं. धुणं धुवायचं तर पाणी बाईचं. पण मौज म्हणून, पोहायला म्हणून पाण्यात उतरायचं तर ते पाणी पुरुषाचं. ओळखीचं वाटतं ना?

आता पहिला प्रश्न, पाणी कुणाचं. हा माळ आपल्या गायरानासारखा होता. जमीन कागदोपत्री तिथल्या जमीनदाराची, पण आसपासच्या लोकांना गुरं चारायचे वगैरे वहिवाटीचे हक्क. आणि शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेसाठी तिथं यायची. सर थॉमस मेरियन विल्सन नावाच्या जमीनदाराला तिथं घरं बांधून पैसा करायचा होता. त्यासाठी कायदा हवा होता. १८२९ पासून त्यानं पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि लोकांनी ते पुन्हा पुन्हा हाणून पाडले. हे भांडण चाळीस वर्षं चाललं. शेवटी तो वारला आणि त्याच्या वारसानं आपले हक्क शहराच्या बांधकाम मंडळाला ४५,००० पौंडांना विकले. १८७१ मध्ये कायदा झाला की हा माळ लोकांसाठी मोकळाच राहील. शेजारच्या टेकडीसाठी पुन्हा चळवळ झाली आणि १८८९ मध्ये तीही लोकांच्या मालकीची झाली.

त्या टेकडीसाठी झटणाऱ्यांमध्ये एक बाई होती, ऑक्टेव्हिया हिल. गरिबांच्या घरांसाठी तिनं जन्मभर काम केलं. एका खोलीत सहा-सहा माणसं राहतात, तर त्यांना बसायला, श्वास घ्यायला बाहेरची जागा पाहिजे, असं ती सांगायची. याआधी १८७५ मध्ये दुसऱ्या एका ठिकाणचं मोकळं रान वाचवायला ती गेली होती. तिथं ती हरली, रानावर घरं उठली. पण ती थांबली नाही. पुढे १८९५ मध्ये मोकळ्या जागा आणि जुन्या वास्तू जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था सुरू झाली, तिच्या तीन संस्थापकांपैकी ती एक.

जागा वाचली. आता दुसरा प्रश्न, पाण्यात उतरायचं कुणी?

त्या काळी पुरुष आणि पोरं तळ्यात, नदीत बहुधा उघड्यानंच उतरायची. म्हणून बाईनं त्या बाजूला फिरकायचंही नाही, अशी रीत. बाईनं उतरायचंच तर तिचा पोहण्याचा पोशाख म्हणजे जाड लोकरीचा झगा. तो भिजला की शेराचा दोन पायली होणार. शहरांमध्ये सार्वजनिक न्हाणीघरं आणि धुण्याची घरं बांधायचा कायदा १८४६ मध्ये झाला. त्यातल्या पोहण्याच्या हौदात बायकांच्या वाट्याला वेळ कमी आणि जागाही कमी.

तरी काही पोरींनी हे मोडलं. १ सप्टेंबर १८७५ ला अॅग्नेस बेकविथ नावाची १४ वर्षांची मुलगी लंडन ब्रिजजवळ टेम्स नदीत उतरली आणि ग्रीनिचपर्यंत सुमारे ८ किलोमीटर पोहून गेली. तिचे वडील पोहायला शिकवायचे. ती बाहेर आली तेव्हा काठावर आणि नावांमध्ये बघ्यांची गर्दी होती. मुलगी पोहू शकते हे त्या दिवशी अख्ख्या लंडननं पाहिलं.

पण पाहणं वेगळं आणि आपल्या पोरीला शिकवणं वेगळं. त्याची किंमत तीन वर्षांनी चुकवावी लागली.

३ सप्टेंबर १८७८. मंगळवार होता. प्रिन्सेस अॅलिस नावाची आगबोट दिवसभराची सहल करून संध्याकाळी टेम्स नदीतून लंडनला परत येत होती. बोटीवर कुटुंबंच्या कुटुंबं होती, बायका, कडेवरची लेकरं. समोरून कोळसा आणायला निघालेलं मोठं जहाज आलं आणि बोटीवर आदळलं. बोटीचे दोन तुकडे झाले. चार-पाच मिनिटांत सगळं बुडालं. ६०० हून जास्त माणसं गेली. काठ फार लांब नव्हता. पण शहराचं सांडपाणी तिथंच नदीत सोडलेलं, अंगावर पायघोळ जड कपडे, आणि बहुतेक बायकांना पोहण्याचा गंधही नाही. त्या बायका कुठल्या साहसाला गेल्या नव्हत्या. पोराबाळांना घेऊन सहलीला गेल्या होत्या.

या अपघातानंतर बायकांना पोहायला शिकवलं पाहिजे ही मागणी जोर धरू लागली. पोहणं म्हणजे चैन, पोहणं म्हणजे थिल्लरपणा असं म्हणणाऱ्यांची तोंडं थोडी तरी बंद झाली. मैत्रिणींनो, तुमच्या लेकीला पोहायला शिकवायचं म्हटल्यावर कुणी नाक मुरडलं, तर ही आगबोटीची गोष्ट सांगा.

आता तळ्याकडे परत येऊ. १८९३ मध्ये लंडनच्या नगरसभेनं, म्हणजे लंडन काउंटी कौन्सिलनं, हीथवरच्या एका तळ्यात पुरुषांसाठी पोहण्याची रीतसर सोय केली. बायकांसाठी तसं तळं कधी खुलं झालं? १९२५ मध्ये. म्हणजे ३२ वर्षांनी. पुरुषांच्या तळ्यात बापानं पोहून, त्याच्या पोरानं पोहून झालं, तेव्हा कुठं बायकांची पाळी आली.

तोवर काय काय झालं ते नीट ऐका. १८८९ मध्ये त्या नगरसभेची पहिली निवडणूक झाली. तिच्यात मार्गारेट सँडहर्स्ट आणि जेन कॉब्डेन या दोघी निवडून आल्या होत्या. हरलेल्या पुरुषानं सँडहर्स्टबाईंवर खटला भरला. बाईला सभासद होता येत नाही असा निकाल लागला आणि तिची खुर्ची काढून घेतली. १९०७ मध्ये कायदा बदलला. १९१० मध्ये सुसान लॉरेन्स आणि हेन्रिएटा अॅडलर या बायका नगरसभेत जाऊन बसल्या. १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या, काही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं. आणि १९२५ मध्ये बायकांचं तळं उघडलं. क्रम बघा. आधी खुर्ची, मग मत, मग पाणी. जिथं ठराव होतात तिथं बाई बसली नाही, तोवर बाईला काय पाहिजे ते कागदावर येत नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १९१२ मध्ये स्टॉकहोम शहरात ऑलिम्पिक सामने झाले. बायकांच्या पोहण्याच्या शर्यती ऑलिम्पिकमध्ये तेव्हा पहिल्यांदा आल्या. चौघींच्या सांघिक शर्यतीत ब्रिटनच्या चमूनं सुवर्णपदक आणलं. त्या चौघींत जेनी फ्लेचर होती. ती कारखान्यात काम करायची, दिवसाचे १२ तास, आठवड्याचे ६ दिवस. पोहण्याचा सराव काम सुटल्यावर. रिकामटेकड्या बायकांचा उद्योग म्हणून पोहण्याकडे बघणाऱ्यांना हे एवढं उदाहरण पुरे.

तर असं हे केनवुड लेडीज पाँड, बायकांचं तळं. शेजारी केनवुड नावाचं जुनं रान आहे, त्यावरून नाव पडलं. अनेक धर्मांच्या, अनेक देशांतून आलेल्या बायका तिथं येतात. पुरुषांसमोर पोहणं ज्यांच्या रिवाजात बसत नाही, त्यांनाही इथं उतरता येतं. दमलेल्या बाईला तास-दोन तास कुणाची आई नाही, कुणाची सून नाही, नुसतं पाण्यावर पडून राहता येतं. हीथवर पुरुषांचं तळं आजही आहे आणि सगळ्यांनी मिळून पोहायचं तिसरंही आहे.

पण हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा झाला असं नसतं. २००४ च्या सुमाराला या तळ्यांचा कारभार बघणारी लंडन शहराची संस्था म्हणू लागली की खर्च फार होतो आणि जोखीमही आहे. तळी बंद होतात की काय अशी वेळ आली. हिवाळ्यात पोहणाऱ्या मंडळानं मागणी केली की जीवरक्षक नसले तरी सकाळी लवकर आम्हाला पोहू द्या, आम्ही जाणती माणसं आहोत, जबाबदारी आमची. संस्थेला भीती, की कुणाचं बरंवाईट झालं तर खटला आपल्यावर. प्रकरण न्यायालयात गेलं. २००५ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की जाणत्या माणसानं धोका समजून, स्वतःच्या जबाबदारीवर पोहायचं ठरवलं, तर नुसती परवानगी दिली म्हणून संस्था दोषी ठरत नाही. तळी वाचली.

त्याच वर्षी पोहण्यासाठी पैसे ठेवायला सुरुवात झाली. पैसे टाकायचे ज्यानं त्यानं इमानानं. २०२० पासून मात्र ते सक्तीचे झाले आणि पुन्हा वाद पेटला. संस्थेचं म्हणणं, जीवरक्षक, साफसफाई, बांधांची डागडुजी, याला पैसा लागतो. पोहणाऱ्यांचं म्हणणं, ज्या बाईच्या हातात पैसा नाही तिनं काय करायचं? तिच्यासाठीच तर ही जागा लोकांची म्हणून राखली होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्या नळपाणी योजनेच्या पाणीपट्टीवरून ग्रामसभेत असंच होतं. एवढं खरं, की निर्णय घेणाऱ्यांना रोज उतरणाऱ्या बायकांचं ऐकून घ्यावं लागलं.

आता आपल्या मातीकडे येऊ. पाण्यात कुणी उतरायचं हा प्रश्न आपल्याकडे तर फार कडवट होता. बायकांचं तळं १९२५ मध्ये उघडलं, आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह गेले आणि त्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. पण कागदावर तळं खुलं आणि काठावर बंद. न्यायालयाचा शेवटचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. लंडनच्या बायकांना मौजेसाठी पाणी हवं होतं, महाडला प्रश्न माणूस म्हणून जगण्याचा होता. दोन्हींची बरोबरी होणार नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. ठराव झाला म्हणून पाणी आपलं होत नाही. माणसं काठावरून खाली उतरतात तेव्हा ते आपलं होतं.

आणि आपल्या देशातली बाई पोहण्यात मागे होती असंही नाही. आरती साहा ही कोलकात्याची मुलगी. लहानपणी घाटावर पोहायला शिकली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये तिनं फ्रान्स आणि इंग्लंडच्या मधली खाडी पोहून जायचा पहिला प्रयत्न केला, तो फसला. महिनाभरात, २९ सप्टेंबरला, ती पुन्हा उतरली आणि १६ तासांवर पोहून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. ती खाडी पार करणारी ती आशिया खंडातली पहिली बाई.

आपल्या गावातसुद्धा पोहणं शिकवायची जुनी विद्या होती. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, नाहीतर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि विहिरीत सोडायचं. वरून दोर धरलेला. चार दिवस गटांगळ्या, पाचव्या दिवशी पोरगं सूर मारायला लागतं. पण हे बहुतेक मुलांच्या वाट्याला आलं. मुलगी पायरीवर बसून भावाचे कपडे सांभाळायची. पुढे त्याच मुलीला जन्मभर विहिरीवर, ओढ्यावर, कालव्यावर धुणं धुवायचं असतं. जिचं पाण्याशी रोजचं काम, तिलाच पोहता येत नाही.

आता तर शेततळीही आहेत. त्यातला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की बुळबुळीत होतो. पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही चढून येता येत नाही. एक लेकरू पडतं, त्याला काढायला आई जाते, तिला काढायला दुसरी जाते. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत चार गोष्टी बोला. पहिली, गावातल्या प्रत्येक शेततळ्याला कुंपण आहे का, आणि आत उतारावर गाठी मारलेला दोर सोडलेला आहे का? दोराला गाडीची हवा भरलेली ट्यूब बांधली तर आणखी बरं. दुसरी, कुणी बुडत असेल तर पोहता न येणारीनं उडी मारायची नाही. काठावर आडवं पडून दोर, काठी, साडी फेकायची, रिकामा झाकणबंद कॅन फेकायचा आणि हाका मारून माणसं गोळा करायची. तिसरी, बाहेर काढलेल्याला उलटं धरून फिरवायचं नाही, पोट दाबायचं नाही. लगेच १०८ ला फोन लावायचा. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबायची. हे कसं करायचं ते आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना गटात बोलावून शिकून घ्या. आणि चौथी, ज्या बाईला चांगलं पोहता येतं अशी एक तरी गावात सापडतेच, बहुधा नदीकाठच्या माहेरची. तिला धरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत, सुरक्षित पाण्यात, दोर आणि ट्यूब घेऊन, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मुलींना पोहायला शिकवायचं तिला सांगा.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा आज बायकांच्या आहेत. लंडनच्या बायकांना खुर्ची मिळेपर्यंत वाट बघावी लागली. आपल्याकडे खुर्ची आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत मुलींच्या पोहण्याचा आणि शेततळ्याच्या कुंपणाचा विषय मांडा, आणि तो ठरावाच्या वहीत लिहिला गेला का, ते सही करण्याआधी वाचून बघा.